कर्बीच्या नावाचा कायदा

मिल क्रीक
एप्रिल २००१

प्रिय लायल,

माझी तब्येत उत्तम आहे. त्या दिवशीही उत्तम होती. तू डुलुथहून दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मर्लने उचलला आणि ‘आता बरी आहे’ एवढं सांगून ठेवून दिला. त्याला दोष देऊ नकोस, लग्न झाल्यापासून तो फोनवर एवढंच बोलतो. मग तुझी संत्र्यांची पेटी आली, वर चिठ्ठी, की गुडघ्यांची काळजी घ्या, जिने चढू नका. संत्री गोड आहेत. पण आजारी बाईसाठी आलेली फळं धडधाकट बाईने खायची म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतं. चर्चच्या बायकांनी तर फ्रीजचं दार लागेना इतकी कॅसरोल आणून दिली. मर्ल बटाट्याचं कॅसरोल तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला, “तू आणखी एक आठवडा आजारी राहिलीस तरी माझी काही हरकत नाही.” सबंध गावात खरं काय ते त्याला आणि मलाच ठाऊक आहे. ते तुलाही कळायला हवं, म्हणून टेबल पुसून लिहायला बसले.

पेपरात काय आलं ते तू वाचलंच असशील. ‘सिनेटच्या गॅलरीत आईला भोवळ, विधेयक मागे.’ खाली सिनेटर रॉजर हावलिकचं दोन ओळींचं निवेदन, की मिसेस स्टेनके यांना भावना अनावर झाल्या, त्यांच्या प्रकृतीसाठी आम्ही सर्व जण प्रार्थना करतो. तू खाली तळघरातल्या कॅन्टीनमध्ये होतास. तिथल्या भिंतीवरच्या कर्ण्यातून तुला जेवढं ऐकू आलं तेवढं आलं, दिसलं काहीच नाही. जे दिसलं नाही ते सांगते. पण मर्ल म्हणतो तसं, मला दूध आणल्याची गोष्ट सांगायला सांगितली तर मी गाय विकत घेतली तिथपासून सुरू करते. तेव्हा थोडा धीर धर.

काल मी शेड उघडली. माझ्या कर्बीचं वर्कबेंच अजून तसंच आहे. पिचके ट्रम्पेट, झडपा निखळलेले सॅक्सोफोन, आसपासच्या शाळांच्या बँडमधून गोळा करून आणलेली सगळी जखमी वाद्यं. तुम्ही दोघं शनिवार-रविवार यायचात तेव्हा तो दुरुस्त केलेला ट्रॉम्बोन शेडच्या दारात उभा राहून वाजवून बघायचा आणि शेजारच्या बॅकमनच्या गायी एकेक करत कुंपणाशी येऊन रांगेत उभ्या राहायच्या, आठवतंय? तू म्हणायचास, याच्याइतके भक्त आमच्या पाद्रीबाबांनाही नाहीत. मर्ल खिडकीतून बघायचा आणि हसू येऊ नये म्हणून मिशी चावायचा. तू आणि कर्बी एकमेकांचे कोण ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तो विषय त्याने कधी काढला नाही. तुझ्याशी बोलायचा तो हवेबद्दल, गव्हाच्या भावाबद्दल आणि तुझ्या खात्याने बांधलेल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल. मी म्हणायची, निदान बोलतो तरी आहे.

त्या ऑक्टोबरबद्दल मी तुला काय सांगणार. तू तिथे होतास. बोलिंगचा खेळ संपला, भाड्याचे बूट परत करायला तू काउंटरपाशी थांबलास, कर्बी गाडी गरम करायला पुढे गेला. शेजारच्या लेनवर खेळणारे ते दोघे त्याच्या मागोमाग बाहेर पडले. तू दार उघडलंस तेव्हा ते मारत होते आणि ओरडत होते. मारलं ते सगळ्यांनी नंतर पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं, आम्ही पाहिलं. ओरडले काय, ते फक्त तू ऐकलंस. आणि खटल्यात सरकारी वकिलांनी तुला आधीच बजावून ठेवलं, की विचारलं तेवढंच सांगायचं, कुणी कुठे मारलं, किती वेळ मारलं. का मारलं हे आपल्या राज्याच्या कायद्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही, ते काढलं तर समोरचा वकील कर्बीच्याच अब्रूची चिरफाड करेल. मला तेव्हा तो माणूस शहाणा वाटला होता. निकालपत्रात आलं, ‘पार्किंगच्या जागेत मद्यधुंद अवस्थेत झालेली बाचाबाची.’ कर्बी त्या संध्याकाळी लिंबूपाणी पीत होता. बाचाबाचीला दोन बाजू लागतात. माझा मुलगा पाठमोरा होता, गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता.

म्हणून बेव्ह ओडेगार्ड जेव्हा विधेयकाचा मसुदा घेऊन आपल्याकडे आली, तेव्हा मी दुसऱ्या पानापर्यंतही गेले नाही. पहिल्याच पानावर यादी होती. वंश, वर्ण, धर्म, अपंगत्व आणि शेवटी ते दोन शब्द, लैंगिक कल. यांपैकी कशाचाही द्वेष धरून कुणावर हात टाकला तर जास्त शिक्षा, आणि कोर्टात ‘का’ विचारलं जाणार. मला शिक्षेचं एवढं काही नव्हतं. ते दोघे किती वर्षं आत बसतात याने माझं काय भरून येणार? मला तो ‘का’ हवा होता. बेव्ह म्हणाली, “लव्हॉन, याला कर्बीचं नाव देऊया. नुसत्या आकड्याच्या विधेयकाला लोक खुशाल पाडतात. मेलेल्या पोराचं नाव असलं की हात जड होतो.” सिनेटर होण्याआधी ती गुरांची डॉक्टर होती, तिला गोड बोलता येत नाही. मी तुझ्याकडे बघितलं, तू मान हलवलीस, आणि मर्ल उठून बाहेर गेला आणि बराच वेळ लाकडं फोडत बसला. परत आला तेव्हा म्हणाला, “नावाचं स्पेलिंग नीट लिहा म्हणावं.”

मग आपली चार हिवाळ्यांची खानावळ सुरू झाली. मी स्वयंपाकीण होते त्या शाळेतली मोठी पातेली, विधानभवनासमोरच्या चर्चचं तळघर, आणि दर अधिवेशनात मंगळवारी राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल, फुकट, कुठल्याही पक्षाच्या माणसाला. बेव्हचा सक्त हुकूम होता, वाद घालायचा नाही, फक्त वाढायचं. तू रोल एवढाले मोठे कापायचास की मला ओरडावं लागायचं, “अरे, मत मागायचंय, त्यांना झोपवायचं नाही!” निम्म्या सिनेटला त्यांच्या लहानपणी शाळेत मीच जेवण वाढलेलं. थोरामोठ्यांच्या कोटात ती पोरं ट्रे धरून समोर उभी राहिली की मला ओळखू यायची ती खोड्यांवरून. रॉजर हावलिक वाटाणे खिशात लपवायचा आणि पकडला गेला की त्याचे कान लालभडक व्हायचे. आता तो बहुमतवाल्या पक्षाचा नेता, कुठलं विधेयक मतदानाला येणार आणि कुठलं कपाटात राहणार ते तो ठरवतो. तीन वर्षं तो आपली चिली खाऊन गेला आणि तीन वर्षं कर्बी कपाटात राहिला. पण दर खेपेला दोन-तीन माणसं आपल्या बाजूला सरकत होती, हेही खरं. तू भिंतीवरच्या नकाशात त्यांच्या मतदारसंघांना पिवळा रंग द्यायचास.

या वर्षी फेब्रुवारीत रॉजर स्वतः आमच्या घरी आला. बर्फ पडत होतं, टोपी गुडघ्यावर ठेवून या टेबलाशी बसला, कॉफी घेतली, ॲपल पाय खाल्ला. म्हणाला, “मिसेस स्टेनके, मला हे विधेयक पास करायचंय. मनापासून सांगतोय. तुमच्या मुलाचं नाव कायद्याच्या पुस्तकात जायला हवं. फक्त ती यादी काढूया.” मी विचारलं, “कुठली यादी?” तो म्हणाला, “सगळीच. कुणाचंच नाव नको, म्हणजे कुणी नाराज नको. द्वेषापोटी केलेला गुन्हा, एवढंच लिहू. त्यात सगळे आलेच की.” मी म्हटलं, “रॉजर, वंश आणि धर्मावर तुझ्या पक्षात कुणाचं पोट दुखतंय?” त्याने गुडघ्यावरची टोपी फिरवली. मी म्हटलं, “म्हणजे ते दोन शब्द काढायला तू अख्खी यादी काढतोयस.” त्याचे कान लाल झाले. पण तो खोटं बोलला नाही, एवढं श्रेय त्याला देते. म्हणाला, “त्या दोन शब्दांवर माझी माणसं मत देऊच शकत नाहीत. घरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही त्यांना. नाव ठेवतो, शब्द काढतो. याहून जास्त मला जमणार नाही.” जाताना त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. तो वाईट माणूस नाही, लायल. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

बेव्हने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, की असला बिनयादीचा कायदा पहिलाच न्यायाधीश फेकून देईल. कुणाचा द्वेष, कशाचा द्वेष, हे न सांगणाऱ्या कायद्याखाली कुणाला शिक्षा करणार? पण ती असंही म्हणाली, “एकदा दार उघडलं तर पुढे-मागे यादी परत आत घालता येईल. नाहीही येणार. निर्णय तुझा. नाव तुझ्या पोराचं आहे.” आणि तू, आपण चर्चच्या तळघरात पातेली घासत होतो तेव्हा, माझ्याकडे न बघता म्हणालास, “आहे ते घेऊया, मिसेस स्टेनके. मी थकलोय. मला एकदा कुठेतरी त्याचं नाव छापलेलं बघायचंय आणि मग इथून निघून जायचंय.” तुझे हात साबणाने भरले होते आणि तू रडत होतास, आणि मला वाटलं, हा माझ्या मुलासाठी याहून जास्त काय करणार? मी त्याच संध्याकाळी बेव्हला हो कळवलं. हे मी तुला दाखवायला म्हटलं नव्हतं. मी खरोखरच हो म्हटलं होतं.

आता त्या दिवसाचं. अशा नाव दिलेल्या विधेयकांची रीत तुला माहीतच आहे. शेवटचं वाचन झालं की सभापती गॅलरीतल्या कुटुंबाची ओळख करून देतात. कुटुंब उभं राहतं, खाली सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं, आणि डोळे पुसून होण्याआधी मतदान पुकारतात. उभं राहून टाळ्या वाजवल्यावर लगेच खाली बसून विरोधाचं बटण दाबायचं म्हणजे माणूस फार निबर लागतो. रॉजरचा हिशेब त्या टाळ्यांवरच होता. मी निळा ड्रेस इस्त्री केला होता. मर्लने टाय लावला होता, तोही उलटा. गॅलरीच्या दाराशी रखवालदाराने आपल्याला थांबवलं आणि तुला म्हणाला, “पहिली रांग फक्त कुटुंबासाठी आहे, साहेब. मित्रमंडळींनी मागे किंवा खाली कॅन्टीनमध्ये.” मागे जागा नव्हती. मी भांडायला तोंड उघडलं तर तू माझ्या दंडाला हात लावलास. “जाऊ द्या. तुम्ही जा. मला खाली ऐकू येतं.” तू जिना उतरून गेलास आणि आम्ही दोघं त्या रिकाम्या रांगेत जाऊन बसलो. सहा खुर्च्या होत्या. आम्ही दोघंच.

वाचणारी मुलगी चांगली होती, स्पष्ट आवाज. ‘कर्बी स्टेनके कायदा’ असं तिने म्हटलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, बरं का, मला खरंच बरं वाटलं. मग ती पुढचं वाचायला लागली. कुणीही व्यक्ती, कुणाही व्यक्तीविरुद्ध, द्वेषभावनेतून. एवढंच. पुढे शिक्षा, पुढे कलमं. मी ऐकत होते आणि वाट बघत होते, जणू ती चुकून का होईना ते दोन शब्द वाचेल. संपलं. आणि मला वाटलं, हे मी आधी ऐकलंय. निकालपत्रात हेच होतं. तिथे म्हटलं बाचाबाची, इथे म्हणतायत द्वेष, आणि दोन्हीकडे माझा मुलगा कोण होता ते गाळलंय. उद्या कुणी पोर कायद्याचं पुस्तक उघडून विचारेल, हा कर्बी स्टेनके कोण, याला का मारलं, तर पुस्तकाकडे उत्तर नसेल. कोर्टात आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. इथे मात्र माझं नाव पुकारून, मला उभं करून, माझ्याकडून हो म्हणवून घेणार होते. सभापती म्हणाले, “कर्बीचे आईवडील आज आपल्यात आहेत. श्री. व श्रीमती स्टेनके, कृपया उभं राहावं.” माझे गुडघे दुखत नव्हते, लायल. पाय तयार होते. मी उठले नाही.

तुला कर्ण्यातून जी शांतता ऐकू आली ती हीच. खाली काही जण उभे राहू लागले होते, हात टाळीसाठी वर आलेले. ते वर बघत तसेच थांबले. सभापतींनी नाव पुन्हा घेतलं, जरा मोठ्याने, म्हातारीला ऐकू आलं नसेल असं समजून. मी मांडीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. आणि मर्ल. मर्ल उठला होता. साहेबाने उठ म्हटलं की तो उठतो, सैन्यात होता, मग धान्याच्या कोठारावर नोकरीत जन्मभर हुकूम पाळले. तो अर्धा उठला, पुढच्या कठड्याला धरून, आणि त्याने खाली माझ्याकडे बघितलं. किती वेळ कुणास ठाऊक. मला वाटलं, हा आता दंडाला धरून मला उठवणार. त्याने कठडा सोडला, टाय सारखा केला आणि खाली बसला. माझ्या बाजूच्या खुर्चीत, ताठ. मी त्याच्याशी एवढी वर्षं संसार केला, पण तसं प्रेम मला त्याच्याबद्दल कधी वाटलं नव्हतं.

बेव्हने वर बघितलं. आमचं काही ठरलेलं नव्हतं, हे तुला शपथेवर सांगते. पण मुक्या जनावरांचं दुखणं ओळखण्यात तिचा जन्म गेलाय. ती उठली आणि म्हणाली की मतदानाआधी विधेयक मागे घेण्याचा मांडणारीला अधिकार आहे आणि मी तो वापरते आहे. मग जो गलका झाला तो तू ऐकलास. रॉजर जिना चढून धापा टाकत आला. “बसूनच राहा, मिसेस स्टेनके, डॉक्टरांना बोलावलंय.” मी म्हटलं, “रॉजर, मला डॉक्टर नकोय.” त्याने माझ्याकडे नीट बघितलं. त्याला कळलं. तरी खाली जाऊन त्याने पत्रकारांना भोवळ सांगितली, कारण भोवळ आलेल्या आईला कुणी प्रश्न विचारत नाही, आणि त्यालाही नाही. मी तुला शोधायला तळघरात आले तेव्हा तू निघून गेला होतास. टेबलावर तुझा कॉफीचा कप होता, भरलेला.

परतीच्या वाटेवर मर्ल गाडी चालवत होता. विटमनच्या पुलापाशी आल्यावर त्याने विचारलं, “ते शब्द काढलेच होते ना?” मी म्हटलं, “हो.” तो म्हणाला, “मग तो दुसऱ्याच कुणाच्या पोराचा कायदा होता.” अंगणात गाडी बंद केली आणि न उतरता म्हणाला, “त्या लायलला आपण सहा खुर्च्यांतली एक द्यायला हवी होती. मी रखवालदाराला काहीतरी बोलायला हवं होतं.” तुझं नाव मी त्याच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी बरोबर केलं असं मी म्हणत नाही. गेल्या आठवड्यात राज्याच्या पश्चिम भागातून एका बाईचा फोन आला. नाव सांगितलं नाही. तिला कुणीतरी खरं सांगितलं असावं, किंवा तिनेच ओळखलं असावं. तिची मुलगी आपल्या मैत्रिणीबरोबर राहते, त्यांच्या ट्रकची काच आधी फोडली, मग ट्रकच पेटवला. ती म्हणाली, “तुमच्या मुलाच्या नावाला डाग लागू दिला नाहीत, छान. माझ्या मुलीला काय मिळालं? तो लुळापांगळा का होईना, कायदा तरी असता. शेरीफने निदान दोनदा विचार केला असता.” मी फोन धरून उभी राहिले. तिच्या मुलीला उद्या काही झालं तर त्यातला थोडा भार माझ्या अंगावर असेल. आणि तुझे चार हिवाळे. तुझी रजा, तुझी घासलेली पातेली, तुझा तो पिवळा नकाशा. तू मला म्हणाला होतास, आहे ते घेऊया, आणि मी हो म्हणून आयत्या वेळी तुला न विचारता सगळं पाण्यात टाकलं. तू रागावलास तर तो राग माझ्या तब्येतीसाठी आवरू नकोस.

काल बेव्हचा फोन आला. जानेवारीत ती विधेयक पुन्हा मांडणार आहे, यादीसकट, ते दोन शब्द जागच्या जागी. पास होईल असं वचन ती देत नाही, वचनं देणाऱ्यातली ती नाहीच. तिने विचारलं, “कर्बीचं नाव पुन्हा ठेवायचं का? घरच्यांची संमती लागते.” मी म्हटलं, “मग लायलला विचार.” ती म्हणाली, “लव्हॉन, नियमात आईवडील, नवरा-बायको आणि मुलं, एवढेच बसतात.” मी म्हटलं, “नियमासाठी सही माझी घे. पण कर्बीला बायको असती तर तू मला फोन केला असतास का? तिलाच केला असतास. तर त्याला कर. तो हो म्हणाला तर मी सही करीन, नाही म्हणाला तर करणार नाही.” म्हणून ती या आठवड्यात तुला फोन करेल. मी मुद्दाम बसून राहिले हे माहीत नसताना तू तिला उत्तर देऊ नयेस, म्हणून तिच्या आधी हे पत्र पोचायला हवं. हो म्हणालास तर समितीपुढे बोलायलाही तूच लागशील, कारण ते दोघे काय ओरडत होते ते तुझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही. कोर्टाने तुला ते विचारलं नाही. वकिलांनी विचारलं नाही. एवढी वर्षं शेजारी उभं राहून पातेली घासताना मीही विचारलं नाही, मला ऐकवणार नाही असं वाटायचं. आता विचारते. तिथे परक्यांना सांगण्याआधी, किंवा तिथे कधीच सांगायचं नाही असं तू ठरवलंस तरी, एकदा घरी ये आणि आम्हाला सांग. शब्द न् शब्द सांग, काही गाळू नकोस. मर्ल म्हणतो, त्यालाही ऐकायचंय.

तुझी वाट बघत, आणि उत्तर काहीही असलं तरी

तुझीच,
लव्हॉन